लाल सोडून

सौंसरच्या बाजारात मिरची वाळत घातली की रस्त्याची एक बाजू बंद होते. मोटरसायकलवाले आधी शिव्या देतात, मग शिंकतात.

*

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा केसरबाईनं विचारलं, "मंग आता काय होईन?" घरात तीन पदवीधर होते. कोणालाच नीट सांगता आलं नाही.

*

चिंतामणी म्हणजे निळा, पण नुसता निळा नाही. आमसुली म्हणजे जांभळा, पण त्यात थोडं आंबट दिसायला हवं. अंजिरी उन्हात एक असतो, ट्यूबलाइटखाली दुसराच.

*

मोहगावच्या एका घरात लोखंडी पेटी उघडली की कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास येतो. पेटीत एकच साडी आहे.

*

नलिनी माहेरी येते ती लाल नेसून. ती लेक आहे. लेकींना चालतं.

*

सुनांच्या अंगावर काय आहे, इकडे देवीचं लक्ष असतं का, हे देवीला कोणी विचारलेलं नाही.

*

तर प्रमिला.

सौंसरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं साड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच समोरची खोली. खाली गादी, भिंतीला फळ्या, कोपऱ्यात उभा आरसा. पण नाव मोठं. शाळेतल्या मॅडम, बँकेतल्या मॅडम, मोठ्या साहेबांच्या बायका, सगळ्या तिच्याकडे यायच्या. दहा साड्या उलगडून ढीग घालणं प्रमिलाला मान्य नव्हतं. बाई समोर बसली की ती तिच्याकडे एकदा नीट बघायची, उठायची, फळीवरून एकच घडी काढायची आणि तिच्या खांद्यावर टाकायची. बाई आरशात बघायची. विषय संपायचा. नागपूरला मोठमोठी दुकानं असताना नागपूरच्याच दोन प्राध्यापिका सणावाराला बसनं सौंसरला यायच्या, यातच सगळं आलं.

त्या दुकानात लाल साडी मात्र एकही नव्हती.

"ताई, पोरीचं लग्न आहे. लाल दाखवा ना काही."

"लाल सोडून बोला."

"लग्नात लाल नाही त काय नेसावं?"

"आमच्यात चालत नाही. जे मी घालत नाही ते विकतही नाही."

लग्नाचं गिऱ्हाईक उठून समोरच्या दुकानात जायचं. प्रमिला फळ्या आवरायची. श्रीकांत, तिचा नवरा, शाळेत गणित शिकवायचा. तो म्हणायचा, "अगं, देवीनं नेसायला नाही म्हटलं, विकायला कुठं नाही म्हटलं?" प्रमिला ऐकून घ्यायची नाही. नेम म्हणजे नेम. उलट लोकांना सांगताना तिचा आवाज थोडा चढायचा, एखाद्याचं घराणं मोठं असावं आणि त्यानं ते हळूच कळू द्यावं, तसा.

*

ती स्वतः या घरात लाल शालूतच आली होती.

माहेर तिगावचं. वडील रेल्वेत. शालू आईनं निवडलेला, लालभडक, पदरावर मोर. दुसऱ्या दिवशी केसरबाईनं, तिच्या सासूनं, तिला जवळ बसवलं. डोक्यावरून हात फिरवला. आवाज अगदी मऊ. "आपल्यात सुनांले लाल चालत नाही बाई. देवीले नाही चालत."

प्रमिला आत गेली आणि शालू बदलून आली.

एवढा भारी शालू पेटीत कुजवायचा कशाला, म्हणून केसरबाईनं तो रंगाऱ्याकडे नेला. प्रमिला सोबत गेली. परत आला तेव्हा तो आमसुली झाला होता. मोर ओळखू येत नव्हते आणि जरीचे काठ काळवंडले होते. "पाय, आता कसा सोज्वळ दिसते," केसरबाई म्हणाली. ऋषिकेशच्या बारशाला प्रमिला तोच नेसली. सगळ्या बायकांनी विचारलं, हा रंग कुठून आणला वो?

त्या दिवसापासून तिला नाव मिळायला लागलं.

*

डाळिंबी नाही. राणी चालतो, पण काठाला. मरून विचारून. विटकरी चालतो, कारण तो मातीचा. कुंकवाची गोष्ट वेगळी, मिरचीची वेगळी, टोमॅटोची तर कोणी काढतच नाही. गुलबक्षीवर एकदा दोन दिवस वाद झाला. शेवटी केसरबाईनं साडी अंगणात नेऊन उन्हात धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "जाऊ दे. देवी एवढ्या बारकाईनं पाहत नसन."

*

केसरबाईनं नुसतं हिरावून घेतलं, असं म्हणता येणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं शिकवलंही. पदर खांद्यावर मुठीएवढा, जास्त नाही. आधी काठ पाहावा, मग अंग पाहावं. कापड दुकानातल्या दिव्याखाली घेऊ नये, दारात आणून घ्यावं. सावळ्या बाईनं पांढऱ्याला भिऊ नये. जाड बाईनं आडव्या रेघेला भ्यावं. लग्नघरात सगळ्यांत भारी साडी आपली नसावी, पण निघताना लोकांना आपलीच आठवावी. केसरबाई चौथी शिकलेली, पण तिची नजर अशी की बाजारात ती थांबली की दुकानदार गल्ल्यावरून उठून पुढं यायचा.

प्रमिलानं ती नजर उचलली. लाल हातातून गेल्यावर बाकीच्या रंगांकडे नीट बघणं भागच होतं, आणि बघता बघता तिला त्यात गोडी लागली. गिऱ्हाइकांना ती सांगायची, "लाल सगळ्यांचं तोंड बंद करून टाकतो. तो नसला की बाकीचे रंग बोलतात." हे वाक्य तिचंच होतं. तिला ते आवडायचं. काही बायका ते पुढं आपलं म्हणून सांगायच्या, तेही तिला आवडायचं.

*

दिवाळीनंतर ऋषिकेशचं लग्न ठरलं. मुलगी मोहगावची, अमृता, तिथल्याच शाळेत शिकवणारी. आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं आजीनं, आणि आजी गेल्या उन्हाळ्यात वारली.

साड्या घ्यायच्या म्हणून अमृता दुकानात आली. ऋषिकेश नागपूरहून आला होता. तो दारात टेकून मोबाईल बघत होता. अमृतानं पिशवीतून जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि गादीवर ठेवलं. चादर सोडल्याबरोबर खोलीभर कडुनिंबाचा वास पसरला.

"काकू, मला फेऱ्याला ही नेसायची आहे."

लाल. मधोमध घडीवर थोडी विरलेली, पण रंग असा की जणू कालच काढला.

प्रमिलाचा हात पुढं गेला. कापड चिमटीत धरून तिनं अंगठ्यानं चोळून पाहिलं, सवयीनं. मग हात मागं घेतला.

"चांगली आहे. जपून ठेव. फेऱ्याला नाही चालायची."

"काऊन?"

"आमच्यात सुनांना लाल चालत नाही. ऋष्यानं सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. मला वाटलं, गंमत करून राहिला."

"देवीची कोणी गंमत करते?"

अमृता जरा हसली. पोरगी चुणचुणीत होती, घाबरणारी नव्हती. "मग काकू, देवीला शेंदूर लावता तो हिरवा असते का?"

"अमू," ऋषिकेश मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"तो तिचा रंग आहे, म्हणूनच आपण घालायचा नाही," प्रमिला म्हणाली. हे ती इतक्यांदा बोलली होती की शब्द आपोआप एकापाठी एक आले.

अमृताचं हसू गेलं. "काकू, फक्त तेवढा वेळ. मंगळसूत्र घातलं की लगेच बदलते. आजी म्हणे, 'मी काही तुह्या लग्नापर्यंत राहत नाही, माही साडी राहीन.' माझ्याकडून कोणी बाई उभी राहणार नाही तिथं. तेवढी साडीच."

बाहेर पोहेवाला गेला.

"आई," ऋषिकेशनं आता मोबाईल खिशात टाकला, "आपल्या आजीला विचारून तर पाय. आजी हो म्हणाली तर काय प्रॉब्लेम आहे? देवी तिच्याच ओळखीची आहे ना."

"आजी हो म्हणणार नाही."

"विचार तर."

"विचारते," प्रमिला म्हणाली. आणि हे तिनं कोणाला सांगितलं नसतं, पण बोलताना तिला बरं वाटलं. सासूनं हो म्हटलं तर बरंच होईल, असं तिच्या मनात आलं. तो लाल तिच्या बोटांना अजून जाणवत होता.

*

केसरबाई हल्ली पांढुर्ण्याला धाकट्या लेकाकडे राहायची. प्रमिला सकाळच्या बसनं गेली. दुतर्फा संत्र्याच्या बागा, मध्ये मध्ये कापूस. खिडकीची काच खाली येत नव्हती.

केसरबाई ओसरीतल्या पलंगावर बसून संत्रं सोलत होती. फोडीवरचा पांढरा धागा न् धागा काढायची तिची जुनी खोड. शेजारी नात सायली, लाल टी-शर्टात, पाय पसरून. ती लेक.

"आली का? जेवून आली का?"

"हो, आई."

"मंग चहा पी. सायले, ऊठ, काकूले चहा ठेव. नुसती बसून राहते दिवसभर."

सायली उठून आत गेली. प्रमिला पलंगाच्या कडेला टेकली. "आई, ऋषीच्या लग्नाचं एक विचारायचं होतं. पोरगी म्हणून राहिली, तिला फेऱ्याला तिच्या आजीची साडी नेसायची आहे."

"मंग नेसू दे."

"लाल आहे."

"असू दे."

प्रमिलाला वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. ती जवळ सरकली आणि मोठ्यानं म्हणाली, "लाल, आई. लाल."

"वरडू नको, बहिरी नाही मी. तिची आजी, तिची साडी. आपल्या बापाचं काय जाते?"

"अन् देवी?"

"कोणती देवी?"

"आपली. सुनांना लाल चालत नाही ते."

केसरबाईनं संत्र्याची बी हातावर थुंकली. क्षणभर तिनं प्रमिलाकडे नुसतं पाहिलं, आणि मग तिचं सगळं तोंड हसायला लागलं, दात नसलेलं. "अवं ते! ते त म्याच काढलं होतं."

आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

"वच्छी नव्हती का, माही धाकटी जाऊ? तू नाही पाह्यली. लगन होऊन आली त लाल पातळ नेसून. गोरीपान, नाक असं. आमचा सासरा सगळ्यायपुढं म्हणे, 'लक्षुमी आली घरात.' मी काय मंग अवदसा होती? चार वर्सं त्याह्यच्या भाकरी थापल्या, मले कोणी तसं नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी उठून म्या सांगून देल्लं, देवी सपनात आली. म्हणे, लाल माहा रंग हाये, सुनांनी नेसू नये."

"अन् सगळ्यांनी मानलं?"

"मानतीन नाही त काय? सासऱ्यानं नारळ फोडला. मले बी सोडा लागलं ना मंग. माह्ये दोन लुगडे बोहारणीले गेले. एक त असं चांगलं होतं..." केसरबाईनं हातातल्या फोडीकडे पाहिलं, जणू लुगडं तेच होतं. "पण वच्छी बदमाश. वरून निळं नेसे अन् आतून लाल परकर घाले. धोतराखाली वाळू घाले, दिसू नये म्हणून. मले ठाऊक होतं. पण मी कशी बोलू? बोलली असती त माहंच निघालं असतं." हसता हसता तिला ठसका लागला. प्रमिलानं तांब्या पुढं केला. पाणी पिऊन ती म्हणाली, "एक दिवस तिनं मले तोंडावर इचारलं बी. म्हणे, बाई, सपन खरं पडलं होतं का वो? म्या म्हटलं, नाही पडलं. मंग दोघी हासलो. गेली बिचारी."

"मी आले तेव्हा तर त्या नव्हत्याच," प्रमिला म्हणाली. तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "मग मला कशाला सांगितलं?"

"आता रीत झाली होती ना. रीत कोणी मोडते का?"

"माझा शालू, आई."

"कोणता?"

"मोराचा. रंगवून आणला तो."

केसरबाईनं आठवायचा प्रयत्न केला. तिला आठवलं. "हाव, हाव. रंगाऱ्याकडे नेला होता. तूच त पिशवी धरून होती! म्या वाट पाह्यली, आता बोलन, मंग बोलन. घरापासून त्याच्या दुकानापरेंत. हूं नाही की चूं नाही. म्या म्हटलं, हिले लाल आवडतच नसन." तिनं फोड तोंडात टाकली. "वच्छीवानी इचारलं असतं त सांगून देल्लं असतं तुले बी. तू कधी इचारलंच नाही."

सायली चहा घेऊन आली. साखर जास्त पडली होती. प्रमिलानं पूर्ण पिऊन टाकला.

निघताना वाकून नमस्कार केला तेव्हा केसरबाईनं तिचा पदर चिमटीत धरला, मेंदी रंगाची सुती साडी होती, आणि मान डोलावली. "चांगली घेतली. तुही नजर बसली आता."

*

परतीच्या बसमध्ये प्रमिला अमृताशी मनातल्या मनात बोलली.

आधी असं बोलली: अमू, नेस गं बाई, आजी हो म्हणाल्या.

मग पुढचा प्रश्न आला, कारण पोरगी विचारणारच. कशा काय हो म्हणाल्या, काकू? मग सांगावं लागणार. सांगितलं की ऋषिकेश हसणार, श्रीकांत हसणार, रात्री जेवताना हसणार, मग नणंदेला, नलिनीला फोन जाणार, तीही हसणार. हसण्यासारखंच होतं. मग एखादी मॅडम दुकानात विचारणार, ताई, आता ठेवता का लाल?

मग असं बोलली: आजी म्हणाल्या, फक्त तुझ्यापुरती सूट.

हे बरं होतं. हे चांगलंच होतं. यात देवीही राहत होती आणि साडीही. मोहगाव येईपर्यंत तिचं हेच ठरलं होतं. मोहगावच्या स्टॉपवर काही बायका चढल्या. त्यांत एक नवी नवरी होती, हिरव्या चुड्याची, आणि अंगावर लाल. अगदी साधी, बाजारातली, अंगावर नीट न बसलेली लाल साडी. पदर सारखा घसरत होता. पोरगी नवऱ्याला काहीतरी सांगून खिदळत होती. प्रमिला तिच्याकडे बघत राहिली. नजरेनं तिनं तिला दुसरी साडी नेसवली, पदर मुठीएवढा केला. तरी ती पोरगी तशीच राहिली, तशीच लाल, तशीच हसत.

सौंसर आलं.

*

अमृता दुकानातच बसली होती. शाळा सुटल्यावर सरळ आली होती. साडी मांडीवर.

"काय म्हणाल्या आजी?"

प्रमिलानं चपला काढल्या. पिशवी खुंटीला लावली. माठातलं पाणी घेतलं.

"नाही म्हणाल्या."

"नाही?"

"देवीचं आहे म्हणाल्या. नाही चालत."

"काकू, खरंच असं म्हणाल्या?"

"मी खोटं बोलून राहिली का?" प्रमिलाचा आवाज एकदम चढला. "पांढुर्ण्यापर्यंत जाऊन आली तुझ्यासाठी, उन्हातान्हात. त्या माणसाचं वय काय, तब्येत काय. त्यांना अजून दहादा विचारू?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग?"

अमृतानं चादरीची टोकं जुळवली, गाठ मारली आणि ते गाठोडं पिशवीत घातलं. ती रडली नाही. रडली असती तर कदाचित प्रमिलाला दुसरं काही बोलता आलं असतं. तिनं फक्त पिशवीचे बंद दोनदा गुंडाळले आणि म्हणाली, "ठीक आहे. मग तुम्हीच काढा माझ्यासाठी. तुम्ही काढता ते सगळ्यांना शोभते म्हणतात."

प्रमिलानं तिच्याकडे नीट पाहिलं. सावळा रंग, उंच मान, डोळ्यांखाली थोडी झोप राहिलेली. उठली. वरच्या फळीवरून एकच घडी काढली, चिंतामणी, काठ मोतिया, बुट्टी अगदी बारीक. अमृताच्या खांद्यावर टाकली आणि पदर मुठीएवढा केला.

अमृता आरशासमोर उभी राहिली. तिला आरशाकडे बघायचं नव्हतं. पण साडी अशी बसली होती की रंग तिच्या चेहऱ्यावर चढला, मान आणखी उंच दिसली. तिनं बघितलं, आणि बघतच राहिली.

"छान आहे ना?" प्रमिला मागून म्हणाली.

"छान आहे," अमृता म्हणाली. खोटं नव्हतं ते. "तुम्ही कुठून शिकल्या वो काकू हे सगळं?"

"आईंकडून," प्रमिला म्हणाली आणि फळ्या आवरायला लागली.

*

पाठवणीच्या दिवशी, तिगावला, दारात गाडी उभी असताना, प्रमिलाच्या आईनं तिच्या शालूचा पदर सारखा करता करता तिला सांगितलं होतं: सासूला कधी काही विचारायचं नाही.